माळ्यावर सापडल्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट: ग्रेडिंग करावं का नुसत्या पुसून खेळाव्यात?

माळ्यावरचा_मन्या
मंडळी, दिवाळीची आवराआवर चालूय. पंचवटीतलं आमचं जुनं घर, माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक, त्यात आजीच्या नऊवारीखाली व्हिडिओ गेमच्या २३ कॅसेट निघाल्या. पिवळ्या, काळ्या, एक लाल. आई म्हणते भंगारवाल्याला दे. मी देणारच होतो पण रात्री नेटवर वाचलं की २०२१ मधे अमेरिकेत लिलावात मारिओ ६४ ची एक सीलबंद कॅसेट १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, आणि झोपच उडाली. मारिओ माझ्याकडेही आहे, म्हणजे ९९९९९९९ इन १ मधे आहे.
तर हे ग्रेडिंग म्हणजे नक्की काय भानगड असते, आपल्याकडच्या कॅसेटचं होतं का, आणि तोवर या पुसायच्या कशा? आतल्या पट्ट्या काळ्या पडल्यात. फुंकर मारून लावून बघू का?

भद्रकालीचा_भिडू
आधी फुंकर मार, मग शर्टाला पूस, मग परत फुंकर. तरी नाही चालली तर अर्धी बाहेर काढून तिरकी लाव. एवढं करून नाही चालली तर बहिणीने खराब केली.

सोल्डरकाका
फुंकर अजिबात नको रे बाबा. आयुष्य अंबडला पीसीबीच्या, म्हणजे सर्किट बोर्डच्या, लाईनवर काढलंय म्हणून सांगतो. फुंकरीत नुसती हवा नसते, वाफ असते, थुंकीचे बारीक कण असतात. ते त्या पट्ट्यांवर बसतात आणि वर्षानुवर्षं तांबं खातात. लहानपणी फुंकरीने चालायचं असं वाटायचं कारण फुंकायला तू कॅसेट बाहेर काढायचास आणि परत घालायचास. घालताना पट्टी सॉकेटच्या पिनेवर घासायची, वरचा काळा थर खरवडला जायचा आणि संपर्क व्हायचा. श्रेय मिळायचं फुंकरीला. खुद्द मारिओवाली जपानी कंपनी निन्टेंडोसुद्धा फुंकू नका म्हणूनच सांगायची.
आता पुसायचं कसं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्केवालं, मोबाईल रिपेअरवाल्यांकडे मिळतं. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. सॅनिटायझर तर मुळीच नको, त्यातला चिकटा पट्टीवर बसतो. इअरबड बुडवायचा, पट्टीच्या लांबीच्या दिशेने हलकेच फिरवायचा, काळा निघाला की फेकून दुसरा घ्यायचा. बड पांढरा निघेस्तोवर. मग अर्धा तास पंख्याखाली.

तिखट_रस्सा
काका, आम्ही तर कंपासपेटीतल्या खोडरबराने घासायचो, चकाचक व्हायचं.

सोल्डरकाका
पांढरं मऊ खोडरबर असेल तर एकदा दोनदा चालून जातं, तेही अल्कोहोलने नाहीच निघालं तर. शाईचं खोडरबर म्हणजे सँडपेपरच समज. खऱ्या कॅसेटच्या पट्टीवर सोन्याचा मुलामा असतो आणि तो इतका पातळ असतो की नजरेने नुसता रंग कळतो, थर नाही. तो घासून काढलास की खालचं तांबं उघडं पडलं, आज चकाचक, पुढच्या पावसाळ्यात हिरवं. पितळेच्या भांड्यांच्या पॉलिशने घासणारे महाभागही बघितलेत मी.

जुनं_ते_जुनं
शब्द सुधारतो, राग नसावा. याला कॅसेट म्हणत नाहीत, कार्ट्रिज म्हणतात. कॅसेटमधे टेप असते.

सिडकोची_पोर
@जुनं_ते_जुनं, जपानी लोकंही फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या गेमच्या डब्याच्या, कार्ट्रिजला "कासेत्तो"च म्हणतात. म्हणजे ज्यांनी बनवलं त्यांच्यात आणि आपल्या सिडकोत एकच शब्द. आता बोला.

भद्रकालीचा_भिडू
जुनं ते सोनं, पातळ मुलाम्याचं.

परतलेला_पाहुणा
ग्रेडिंगबद्दल मी लिहितो, नऊ वर्षं अमेरिकेत होतो आणि या नादात बरेच पैसे घालवलेत.
ग्रेडिंग म्हणजे तुमची वस्तू एका कंपनीला पाठवायची, ते लोक ती खरी आहे का बघतात, मग अवस्था बघून आकडा देतात आणि जाड पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात कायमची बंद करून परत पाठवतात. त्यात वाटा म्हणून एक कंपनी आहे, ती १० पैकी आकडा देते. सीलबंद खोकं असेल तर बाहेरच्या प्लास्टिकच्या वेष्टनाला वेगळी श्रेणी, ए++ सगळ्यात वरची. व्हीजीए म्हणून जुनी एक आहे ती १०० पैकी देते. मन्याने वाचलेला मारिओ ६४ हा वाटाचा ९.८ ए++ होता. म्हणजे बालपणी ज्याला कुणी हातसुद्धा लावला नाही असा. त्याच महिन्यात तिथेच निन्टेंडोचाच दुसरा गेम, सीलबंद झेल्डा, ८ लाख ७० हजार डॉलरला गेला होता.
आता गंमत बघा. मारिओ ६४ चे लाखोंनी खोके विकले गेलेत, खेळ अजिबात दुर्मिळ नाही. पैसा मोजला गेला तो न उघडलेल्या वेष्टनाचा. आपल्याकडे कोण बापाने मुलाला व्हिडिओ गेम आणून दिला आणि तो मुलाने उघडला नाही?

तिखट_रस्सा
आमच्याकडे! रिमोटला, टीव्हीला, सोफ्याला, सगळ्याला अजून प्लास्टिक आहे. आमचा सोफा ए++.

माळ्यावरचा_मन्या
म्हणजे माझं काहीच नाही का पाहुणे? :(

परतलेला_पाहुणा
सुट्ट्या कॅसेटचंही ग्रेडिंग होतं, पण पहिली अट खरी असण्याची. आणि आपल्या लहानपणीच्या शंभरातल्या नव्याण्णव कॅसेट नकली होत्या. आपण ज्यावर खेळायचो ते समुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर, हे सगळे १९८३ च्या जपानी फॅमिकॉमचे अवतार. त्यामुळे आपल्या कॅसेटला ६० पिना, अमेरिकन निन्टेंडोच्या कॅसेटला ७२. ९९९९९९९ इन १ ला कुठलीही कंपनी हातसुद्धा लावणार नाही. मुळात त्यात गेम किती होते? मोजलेत कधी?

सिडकोची_पोर
मी मोजलेत! मे महिन्याच्या सुट्टीत वहीत लिहून. आमच्या ९९९९ इन १ मधे सात गेम होते. बाकी तेच गेम वेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे. मारिओ, मारिओ २ लेव्हल, मारिओ उडता, मारिओ पाण्यात.

सोल्डरकाका
बसणार कुठून जास्तीचे? अख्खा सुपर मारिओ ४० किलोबाइटचा आहे. आज व्हॉट्सॅपवर आलेला गुड मॉर्निंगचा गुलाब त्याहून मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी ढग आणि झुडूप एकच चित्र ठेवलं, रंग फक्त वेगळा. लहानपणी कळलं होतं का कुणाला?

तिखट_रस्सा
काय सांगता काका. आत्ता लावून बघितलं. खरंच की हो. पस्तीस वर्षं फसवलं.

भद्रकालीचा_भिडू
यावरून आठवलं, टँकवाल्या गेमचं खरं नाव काय होतं? गरुड वाचवायचा, विटांची भिंत, दुसरा प्लेअर मुद्दाम आपल्यालाच गोळी घालायचा तो.

परतलेला_पाहुणा
बॅटल सिटी, नामको, १९८५. हा फॅमिकॉमवर जपानबाहेर कधी अधिकृत आलाच नाही. अमेरिकेतल्या माझ्या ऑफिसातल्या एकालाही माहीत नव्हता. आणि इथे नाशिकरोडपासून म्हसरूळपर्यंत पोराटोराला पाठ. नकली कॅसेटवाल्यांची ही कृपा.

गंगाघाट
टँकमधे स्वतःच नकाशा बनवायचा पर्याय होता ना, आम्ही गरुडाला चहूबाजूंनी लोखंडी भिंत करायचो. मग खेळायला मजा यायची नाही पण हरायचो नाही.

तिखट_रस्सा
आणि काँट्रा!! वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, तीस लाइफ. आठव्या स्टेजला, तो मोठा राक्षस समोर, आणि बरोब्बर लाईट जायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक माझ्या काँट्रावरून ठरवायचे असा माझा पक्का समज होता.

परतलेला_पाहुणा
तो कोड काँट्राचा नाही मुळात, आधी १९८६ च्या ग्रॅडियस या गेममधे आला. करणाऱ्याला तपासायला स्वतःचाच गेम अवघड जायचा म्हणून त्याने सोय करून ठेवली आणि काढायची राहिली. काझुहिसा हाशिमोतो त्याचं नाव, २०२० मधे गेला.

जुनं_ते_जुनं
धाग्याचा विषय काय होता बरं?

माळ्यावरचा_मन्या
चालू द्या, मला आवडतंय. पण एक सांगा, नकली का खरी हे ओळखायचं कसं? सगळ्या उघडून बघू का?

सोल्डरकाका
उघड, पण घाई नको. आपल्या नकली कॅसेटना बहुतेक साधा फुलीचा स्क्रू असतो किंवा नुसत्या खटक्यावर बंद. खऱ्या फॅमिकॉमच्या कॅसेटला स्क्रूच नसतो, खटके असतात आणि ते जुन्या प्लास्टिकमुळे पटकन तुटतात, म्हणून स्क्रू ड्रायव्हर खुपसू नकोस, गिटार वाजवायचं पातळ पिक किंवा जुनं एटीएम कार्ड कडेने फिरव. अमेरिकन कॅसेट असेल तर वेगळाच स्क्रू, त्याला ३.८ मिलीमीटरचा खास बिट लागतो, तो ऑनलाईन मिळतो.
आत बघ. हिरव्या बोर्डावर काळा डांबराचा गोळा ओतल्यासारखा दिसला की नकली. त्याच्याखाली उघडी चिप चिकटवून वर इपॉक्सी टाकलेलं असतं, स्वस्तातलं काम. खऱ्यात नीट पायांची चिप असते, वर छापलेला क्रमांक, बोर्डावर कंपनीचं नाव.

सिडकोची_पोर
माझं दुःख ऐका कुणीतरी. मामाने दुबईहून आणलेला गेमबॉय आणि पोकेमॉन गोल्ड. त्यातला माझा पोकेमॉन, टायफ्लोजन, लेव्हल ७८ चा होता. पंधरा वर्षांनी लावला तर सेव्ह गायब. सगळं नव्याने. मी तेव्हा बँकेत नोकरीला होते आणि बाथरूममधे जाऊन रडले.

सोल्डरकाका
पोरी, आतला सेल संपला. त्या कॅसेटमधे सेव्ह ठेवायला जी मेमरी असते तिला सतत थोडी वीज लागते, सेल गेला की आठवण गेली. गोल्ड आणि सिल्व्हरमधे तर घड्याळही चालतं त्या सेलवर, म्हणून तो इतरांपेक्षा लवकर संपतो. सेल बदलता येतो, गेम परत सेव्ह होईल, पण गेलेला तुझा तो टायफॉईड परत नाही.

सिडकोची_पोर
टायफ्लोजन, काका 😭

सोल्डरकाका
तेच ते. ज्यांच्या सेव्ह अजून जिवंत आहेत त्यांनी वाट बघू नका. पण गोल सेलवर डायरेक्ट सोल्डरिंगची कावी टेकवू नका, तापून फुटतो. टॅब लावलेला सेल मिळतो तोच घ्या, आणि कुठला नंबर ते जुन्यावर वाचा, काहीत २०३२, काहीत २०२५, काहीत १६१६. जाडी चुकली तर झाकण बसत नाही.

गंगाघाट
आता माझं ऐका. आमचं घर सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला. २०१६ चा ऑगस्टचा पूर आठवतो ना, गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती अख्खा पाण्याखाली. आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी, आणि माझ्या चौदा कॅसेट खालच्या कप्प्यात. तिसऱ्या दिवशी चिखलातून काढल्या. वडील म्हणाले फेक. मी म्हटलं एवीतेवी गेल्याच आहेत. सगळ्या उघडल्या, बोर्ड नळाखाली धुतले, जुन्या टूथब्रशने चिखल काढला, मग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, मग काकांचं ते अल्कोहोल, आणि गच्चीत सावलीला चार दिवस. चौदापैकी अकरा चालल्या! आजही चालतात. लेबलं मात्र गेली, सगळ्यांची. आता कुठली कुठली आहे ते लावल्याशिवाय कळत नाही, रोज लॉटरी.

सोल्डरकाका
बरोबर केलंस. बंद असताना पाणी लागलं तर चिप मरत नाही, ओली असताना वीज दिली की मरते. आणि नदीचा गाळ वाळू दिला असतास तर पट्ट्या गेल्या असत्या.

माळ्यावरचा_मन्या
अपडेट!! रविवारी सगळ्या उघडल्या. बावीसमधे डांबर. पण ती लाल आहे ना, तिला स्क्रू नव्हता. एटीएम कार्डाने उघडली तर आत पायांच्या दोन चिपा, बोर्डावर निन्टेंडो लिहिलंय. लेबलवर मोटरसायकलवाला, जपानी अक्षरं आणि एचव्हीसी असं काहीतरी. एक्साइटबाइक. हे खरं आहे का?? हात थरथरतोय.
आणि एक. लेबलवर जांभळ्या मार्करने १४ लिहिलंय आणि मागे पांढऱ्या पट्टीवर "परत करणे. रोज ५ रु." आता आठवलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, तासाला दहा रुपये, कॅसेट भाड्यानेही द्यायचे. दादाने ९८ च्या मे महिन्यात आणली असणार. परत केलेली नाही.

भद्रकालीचा_भिडू
थांबा थांबा. मे ९८ ते आजपर्यंत साधारण दहा हजार दिवस. रोज पाच रुपये. भो, पन्नास हजार रुपये झाले तुझे.

तिखट_रस्सा
चोरीचा माल नेटवर जाहीर करणारा पहिला नाशिककर. सत्कार करा याचा.

परतलेला_पाहुणा
एचव्हीसी म्हणजे निन्टेंडोचा फॅमिकॉमचा संकेत. वर्णनावरून खरी वाटते, १९८४ ची. अभिनंदन. आता थंड पाणी ओततो: जपानमधे हा गेम खूप विकला गेला, सुट्टी कॅसेट तिथे स्वस्तात मिळते. त्यात लेबलवर मार्कर. ग्रेडिंगला लेबलवरचं लिखाण म्हणजे मोठा दोष. पाठवण्याचा, विम्याचा, कस्टमचा खर्च धरला तर कॅसेटच्या किमतीच्या कितीतरी पट जाईल. मी हे सगळं करून बसलोय. माझ्याकडे एक झेल्डा डब्यात बंद आहे, आकडाही बरा आहे, सहा वर्षं कपाटात. परवा भाचा म्हणाला मामा लावू ना, तर डबा फोडल्याशिवाय लावता येत नाही आणि फोडला की आकडा गेला. मामाने पोराला गप्प बसवलं. बरं नाही वाटलं.

माळ्यावरचा_मन्या
मार्कर पुसता येईल का पण? त्याच अल्कोहोलने?

सोल्डरकाका
मार्कर निघेल आणि त्याच्याबरोबर मोटरसायकलवाल्याचं डोकंही. लेबलच्या शाईला अल्कोहोल लावू नये.

गंगाघाट
नको रे पुसूस. जपानमधे अशा हजारो लाल एक्साइटबाइक असतील, पण "रोज ५ रु." वाली पंचवटीत एकच. माझी सगळी लेबलं नदीने नेली, मी आज त्या जांभळ्या १४ साठी काहीही दिलं असतं.

परतलेला_पाहुणा
हे असं बोलायला छान वाटतं पण संग्रहाच्या भाषेत तो डागच. मी असतो तर आधी कुणा जाणकाराला विचारलं असतं. पुसू नको हे मान्य, पण कारण काकांचं.

जुनं_ते_जुनं
एक्साइटबाइकमधे ट्रॅक बनवून सेव्ह करायचा पर्याय दिसायचा आणि कधीच चालायचा नाही. ते का हे कुणाला माहीत आहे?

सोल्डरकाका
त्याला टेप रेकॉर्डर जोडावा लागायचा. फॅमिकॉमसाठी निन्टेंडोने १९८४ मधे डेटा रेकॉर्डर काढला होता, त्यात साधी गाण्याची टेप घालून ट्रॅक साठवायचे. आपल्याकडे कुणाकडे होता तो?

सिडकोची_पोर
म्हणजे @जुनं_ते_जुनं, कॅसेटला कॅसेट लागायची. 😂

जुनं_ते_जुनं
हरलो. 🙏

माळ्यावरचा_मन्या
ठरलं. ग्रेडिंग नाही, मार्कर तसाच. आता ठेवू कुठे हे सांगा. परत ट्रंकेत?

सोल्डरकाका
ट्रंक माळ्यावर नको, एप्रिल-मेमधे पत्र्याखाली भट्टी होते. प्लास्टिक पिवळं पडतं ते ऊन आणि उष्णतेनेच. जळू नये म्हणून त्यात ब्रोमीनवालं द्रव्य घातलेलं असतं, त्याचा तो प्रताप. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवून पांढरं करतात लोक, पण काही वर्षांनी परत पिवळं येतं. खालच्या कपाटात ठेव, भिंतीला चिकटून नको. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, बुटाच्या खोक्यातल्या चालतील, दोन महिन्यांनी बदल. डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात. आणि रिमोटची वायर कॅसेटवर गुंडाळून ठेवू नको, वायरीचं रबरासारखं प्लास्टिक चिकटून खाच पडते.

तिखट_रस्सा
आजीच्या नऊवारीत २७ वर्षं टिकल्या की पण.

सोल्डरकाका
सुती असेल तर नऊवारी उत्तम.

माळ्यावरचा_मन्या
शेवटचं. २३ पैकी २१ लागल्या असं लिहायचं होतं पण अजून एकही लावलेली नाही, दादाकडचा गेमचा डबा मिळाला, त्याचा अ‍ॅडॉप्टर नाही. बुधवारच्या बाजारात गंगेवर एक ९ व्होल्टचा दिसला, ८० रुपये. घेऊ? आणि डक हंटची बंदूकही आहे.

सोल्डरकाका
डब्याच्या मागे पिनेचं चित्र असतं ते बघ आधी, मधला भाग वजा का अधिक. जपानी फॅमिकॉमला मधे वजा असायचं, नकली डब्यात काहीही असतं. उलटा लावलास तर ८० रुपयांत डबा जाईल. आणि अमेरिकन निन्टेंडोचा तर मुळीच लावू नको, तो डीसी नाही, एसी करंट सोडतो. बंदूक नवीन टीव्हीवर चालायची नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, तो प्रकाश बंदूक बघते. ते वेळेचं गणित जुन्या डब्बा टीव्हीचं आहे.

गंगाघाट
डब्बा टीव्ही माझ्याकडे आहे, पुरातून वाचलेला, वरच्या मजल्यावर होता. रविवारी ये घेऊन सगळं. येताना १४ नंबर आण.

भद्रकालीचा_भिडू
मीही येतो. बहिणीला आणू का?

माळ्यावरचा_मन्या
या सगळे. पार्लरवाले काका आता तिथेच मोबाईल कव्हर विकतात, काल लांबून बघून आलो. जायचं धाडस झालं नाही.

तिखट_रस्सा
एक कव्हर घेऊन ये त्यांच्याकडून. घासाघीस करू नको.